वीतभर मोठा टप

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गेले काही दिवस गळत होती. काल एक माणूस आला, त्यानं तडा घासला, फायबरचं ठिगळ लावलं आणि निघून गेला. त्याचं काम वर गच्चीत, मी खाली गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली. पण वास उतरत उतरत आलाच. रेझिनचा वास ज्यांनी कधी घेतला नाही त्यांना तो कसा सांगावा? पिकलेल्या केळ्यांच्या घडावर कुणी रॉकेल सांडलं तर जसा येईल, तसा. गोडसर आणि डोकं धरणारा. नात ओढणी नाकाला लावून खिडक्या बंद करत सुटली. "आजी, आत ये! विषारी असतं ते!" आणि आजी? आजी कठड्याला धरून छाती भरभरून तो वास ओढत होती. डोळे मिटून. शेजारच्या काकूंना वाटलं, प्राणायाम चाललाय.

आमच्या समोर दोन टॉवरांच्या मधोमध भाताचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. भावाभावांचं भांडण मिटत नाही म्हणून तो वाचला; देव त्या भावांना असंच भांडत ठेवो. आश्विन सरता सरता तो पिवळा पडतो, आणि सकाळचं ऊन चढलं की पिकल्या भाताचा कोरडा, उबदार वास माझ्या गॅलरीपर्यंत येतो. काल हे दोन वास एकमेकांत मिसळले आणि बदलापूरचा फ्लॅट, नात, तांदळाचं ताट सगळं बाजूला सरलं. मी चामटोलीच्या खळ्यावर उभी होते. कमरेला पदर खोचलेला, केसांत पांढरी धूळ, आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असा चेहरा.

तो चेहरा मला आज कुठे भेटला तर मी त्याला दोन गोष्टी सुनावीन. पण आधी त्याच्या उंचीबद्दल सांगायला हवं.

मी फार उंच होते. आमच्या कल्याणच्या आळीत मला बांबू म्हणायचे. स्थळं यायची, मी चहाचा ट्रे घेऊन उभी राहायचे, आणि मुलाची आई मान वर करून माझ्याकडे बघत बघत चहा न पिताच उठायची. शेवटी एकाच मुलानं हो म्हटलं. तो माझ्यापेक्षा दोन बोटं बुटका होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. अंबरनाथच्या फॅक्टरीत फिटर. तेच आमचे हे. लग्न होऊन चामटोलीच्या घरी आले, माप ओलांडायला पाय उचलला आणि कपाळ चौकटीवर असं आपटलं की वाजंत्रीवाला थांबला. सासूबाई म्हणाल्या, "आता वाक्याची सवं लाव, सूनबाय. या घरान सगली वाकूनच येतान." लावली सवय. गावच्या घरात वाकले, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये माळ्याखाली वाकले, बसमध्ये वाकले, फोटोत यांच्याशेजारी गुडघे वाकवून उभी राहिले. माझ्या ब्लाऊजना पाठीला नेहमी एक चुणी पडायची. मी शिवणकामाचा डिप्लोमा केलेली बाई, पण ती चुणी मला कधी काढता आली नाही. चूक कापडात नव्हतीच ना.

अशात एकदा अंबरनाथच्या शिवमंदिरामागच्या ओढ्याकाठी परदेशी नवरा-बायकोची एक गाडी येऊन उभी राहिली. सगळं गाव बघायला गेलं, म्हणून मीही गेले. गाडीला उंच टप होता, म्हणजे छप्पर, टोपीवर टोपी घातल्यासारखं. आत बिछाना, शेगडी, पडदे. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ती गोरी बाई चक्क ताठ उभी राहून बटाटे सोलत होती. माझ्याएवढीच उंच. लोक गाडी बघत होते, मी तिची पाठ बघत होते. घरी येताना यांना म्हटलं, "आपण अशी गाडी करू या." हे म्हणाले, "बरं." या माणसाचा हाच दोष. कशालाही बरं म्हणायचा.

गाडी मिळाली. एका बंद पडलेल्या बेकरीची जुनी मॅटॅडोर. इंजिन खोकत होतं, पण चालत होतं; आत पावाचा वास होता आणि कोपऱ्यात मुंग्यांचं संस्थान. क्वार्टरपुढे ती ठेवायला जागा नाही, म्हणून चामटोलीला सासऱ्यांच्या खळ्यावर नेऊन उभी केली. खळं म्हणजे भात झोडायची जागा, चोपून शेणानं सारवलेली. पावसाळाभर ते रिकामंच असतं. आमच्या सासऱ्यांना, तात्यांना, आम्ही विचारलं नाही. तात्या सकाळी टोपी नीट करत खळ्यावर आले, गाडीला एक फेरी मारली, टायरवर काठी आपटली आणि म्हणाले, "भात पिकंपरयंत रवूं दे. भात कापून आलं का मना खलं मोकलं लागंल. तवा ही गारी हाल्ली तं हाल्ली, नायतं भंगारवाल्याला बोलावतंव."

तात्या कमी बोलत, पण बोललेलं बदलत नसत. माझं घड्याळ त्या दिवसापासून शेतात लावलेलं होतं. लोंब्या निसवल्या. दाणा भरला. हिरवा रंग खालून पिवळा व्हायला लागला. सगळं गाव आनंदानं भाताकडे बघत होतं आणि मी एकटी मनातल्या मनात म्हणत होते, अरे जरा दमानं पीक ना!

आणि टप? उंच टप काय बाजारात टांगलेला असतो? तो सापडला उल्हासनगरात. तिथं एका भंगारवाल्याच्या आवारात तुटकी स्कूटर, फ्रिजची दारं आणि शिलाई मशीनचे पाय यांच्या पलीकडे फायबरचा एक प्रचंड टप उताणा पडला होता. त्यात पावसाचं पाणी साठलेलं, त्यात बेडूक, आणि काठावर एक मांजर बेडकांवर लक्ष ठेवून. सरकारी लिलावातून आलेल्या एका व्हॅनचा तो टप. व्हॅन कापून विकली गेली, टप कुणी घेईना. दुकानाचे मालक सिंधी काका, गोल पोटाचे, गोड जिभेचे. मला अदी म्हणायचे, त्यांच्यात ताईला अदी म्हणतात. "अदी, ऐसी छत फिर नहीं मिलेगी. नीचे पहिया लगाओ तो गाडी, खंबा लगाओ तो घर!"

पाणी ओतून टप सुलटा केला तेव्हा कुणी तो का घेत नव्हतं ते कळलं. पुढच्या कपाळावर हा एवढा मोठा लाल त्रिकोण होता, खाली टोक केलेला. त्या काळात पोरंसुद्धा तो त्रिकोण ओळखायची. कुटुंबनियोजनाची प्रचारगाडी! हे लाजून लाल झाले. मी म्हटलं, "रंग मारला की झालं." तेव्हा मला असं वाटायचं, की रंग मारला की सगळं होतं.

आता मापाचं ऐका. गाडीचं माप यांनी चामटोलीला घेतलं होतं. फॅक्टरीत हा माणूस केसाएवढ्या फरकासाठी जॉब परत पाठवायचा, पण गेटबाहेर पडला की मोजण्याचा त्याला कंटाळा. गाडीची रुंदी त्यानं विती टाकून मोजली. "नऊ विती," म्हणाला. आणि उल्हासनगरात टप कुणी मोजला? डिप्लोमावाल्या बाईनं. काकांनी टेप पुढे केली तर मी ती हातानं दूर सारली. "मला टेप लागत नाही, माझी वीत म्हणजे फूटपट्टी!" लांबलचक बोटं पसरून मी टपावर विती टाकल्या. नऊ! मी टाळी वाजवली. "बघा, देवानंच मापं जुळवली." काकासुद्धा म्हणाले, "वाह अदी, क्या हाथ है!" हात होताच तसा. यांच्या हातापेक्षा चांगला तीन बोटं लांब. लग्न ठरताना दोन बोटांचा फरक सगळ्या जातीनं मोजला होता, आणि मी, बाई, तो त्या दिवशी विसरले.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण मला घाई. टेम्पो मिळेपर्यंत वेळ कशाला घालवायचा म्हणून मी यांना जुना पत्र्याचा टप कापायला लावलं. "बरं," म्हणाले हे. गाडी बोडकी झाली. आत कोंबडी येऊन बसायला लागली. नवा टप टेम्पोतून आला, चार जणांनी वर ठेवला, आणि तो गाडीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर मोकळा लोंबला. आजोबांची टोपी घातलेलं पोर दिसावं तशी गाडी दिसत होती. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "टोपरा मोठा झायला गो." कोंबडी आतून ओरडली. तात्यांनी शेताकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि विळ्याला धार लावायला बसले.

जुना टप गेला, नवा बसत नाही, आणि भात पिवळं. गाडी भंगारात जाणार हे मला स्वच्छ दिसलं. रडू यायच्या आधी मला राग येतो. मी यांच्यावर उखडले. "तुमची वीत एवढीशी आहे हे सांगायचं नाही आधी?" हे आयुष्यात पहिल्यांदा बरं म्हणाले नाहीत. म्हणाले, "वीत ही काय सांगायची गोष्ट आहे?" मग आमचा अबोला. सगळा निरोप सासूबाईंमार्फत. "त्यांना सांगा जेवण वाढलंय." "तिला सांगा भूक नाही." सासूबाईंना फार मजा आली. मधल्या मधे त्या आपल्या पदरची दोन वाक्यं घालत. "ती बोलतं, तू फार देखना दिसतंस," असं त्यांनी यांना सांगितलं तेव्हा हे हसले, आणि अबोला तुटला.

उपाय मला सुचला, आणि तो सुचण्यात हुशारी कमी, सवय जास्त. अंगाला ढगळ झालेला ब्लाऊज उसवून आत घेतात. मग टप का नाही घ्यायचा? मधोमध कापायचा, जादा पट्टी काढून टाकायची, दोन्ही अर्धे जवळ आणून शिवायचे. हे पाहतच राहिले. "फायबर आहे ते, वायलचं कापड नव्हे." पण दुसरं काही सुचत नव्हतं. आणि लांबीलाही जादा झालेला टप मागच्या दाराबाहेर पडवीसारखा येत होता. तो मी तसाच ठेवायला सांगितला. बाहेर बसून चहा प्यायला.

टप खळ्यावर उतरवून कापला. पांढरी धूळ उडाली, भातावर उडाली, वाळत घातलेल्या लुगड्यावर उडाली. आणि मग खाज! त्या धुळीत काचेची बारीक कुसं असतात हे आम्हाला कुठे ठाऊक? आधी हे खाजवायला लागले, मग मी, मग ओटीवर सासूबाई. "कुनी खाजकुयली आनली रं?" तात्या दोन दिवस गुपचूप कुडाला पाठ घासताना दिसत होते. सगळं घर खोबरेल तेल चोपडून चकाकत बसलं होतं. कधी नव्हे ते सगळे एकमेकांना पाठी दाखवत होते.

मग सांधा. काचेच्या धाग्यांची चटई कापडासारखी पसरायची, तिला रेझिन पाजायचं. रेझिनमध्ये हार्डनर थेंबाथेंबानं घालायचं, तसं अंबरनाथच्या दुकानदारानं बजावलं होतं. पण शेजारच्या शेतात विळे लागले होते. मी मनात म्हटलं, जास्त विरजण घातलं की दही लवकर लागतं, त्यातलाच हा प्रकार. आणि ओतलं भरपूर. वर आश्विनातलं ऊन. बादली हातात गरम झाली, मग तिच्यातून धूर यायला लागला, मग मी ओरडले, मग सगळं दगड झालं. ढवळायला घेतलेली सासूबाईंची पितळी पळी त्यात उभी. माहेरून आणलेली पळी! त्या आल्या, पळी धरली, ओढली, तर बादलीच वर आली. मी मान खाली घातली. सासूबाईंनी बादलीसकट पळी उंच धरली आणि इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "आता या डावान आमटी कोनाला वाढू?"

दुसरी खेप थेंबाथेंबानं. चटई सांध्यावर बसवताना मात्र माझे हात चालले, वाकणाऱ्या कडेला कात्रीनं टिचक्या द्यायच्या, गळ्याच्या पट्टीला देतो तशा. सांधा सुकला. टपाच्या मधोमध कण्यासारखी एक जाड शीर उठली. पुढच्या कपाळावरचा लाल त्रिकोण मधून पट्टी गेल्यामुळे बारीक झाला, पण गेला नाही. आम्ही दोन हात रंग मारला. ऊन पडलं की तो रंगाखालून पुन्हा हसायचा.

टप बसवायचा दिवस आणि तात्यांच्या खालच्या शेतात कापणी लागायचा दिवस एकच निघाला. कापणीला डोंगराकडच्या वाडीतली माणसं आली होती. हे बांधावर जाऊन म्हणाले, "जरा हात लावता का?" विळे कमरेला खोचून सगळे आले. झोपड्यांची छपरं अख्खी उचलून चढवायची त्यांना सवय, हसत, एकमेकांना चिडवत त्यांनी टप उचलला. एक बाई म्हणाली, "आवो, हो तं नसबंदीचा टप!" आणि बापयांच्या हातून तो जवळजवळ सुटलाच. पण बसला. गाडीच्या कडेच्या पन्हळीत असा बसला की मी श्वास सोडला. कडेनं बोल्ट मारले, रेझिन भरलं. आता उद्यापर्यंत गाडीला धक्का लागता कामा नये. हलली असती तर सांधा उकलून सगळं वाया.

आणि दुपारी भाताचे पहिले भारे डोक्यावर घेऊन माणसं बांधावरून खळ्याकडे निघाली. सगळ्यात पुढे तात्या. भाऱ्याखाली त्यांचा चेहराही दिसत नव्हता, नुसते पाय आणि आवाज. "काढ गारी."

हे म्हणाले, "तात्या, ओलं आहे अजून. आज हलवली तर गेली."

"मी कवाच सांगलं व्हतं."

मागे माणसं भारे घेऊन खोळंबली. मी गाडीच्या दारात होते. त्या वेळी विनवणी करायला हवी होती, पाया पडायला हवं होतं. पण माझं डोकं कधीच वेळेवर चालत नाही. मी म्हटलं, "तात्या, एकदा आत तर या."

का कुणास ठाऊक, त्यांनी भारा उतरवला. आले. सवयीनं वाकून आले, टोपी हातात धरून, खांदे पाडून. मी मधे उभी होते, ताठ, डोक्यावर वीतभर जागा ठेवून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर बघितलं, आणि मग हळूहळू, कुणी ओरडेल की काय अशा भीतीनं, मान वर केली. पाठ सरळ केली. आणखी थोडी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तात्या माझ्याएवढेच उंच आहेत. इतकी वर्षं मी त्यांना भाऱ्याखाली, चौकटीखाली, वळचणीखाली बघत होते. उभे कधी बघितलेच नव्हते. त्यांनी हात वर नेला, मधल्या शिरेला बोटं लावली. गाडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या दारापर्यंत चालत गेले. परत आले.

"माजं डोकं नाय लागत गो," म्हणाले.

मग दारातून बाहेर ओरडले, "भारे तिकरं बांधाव रचा! खलं उद्याला."

सासूबाई म्हणाल्या, "आन दव परलं तं?"

"परूं दे. सुकतं दव."

झोडणी झाली, भात कणग्यांत गेलं, आणि मुरबाडच्या बाजूला आमची पहिली सहल निघाली. एका गावात चहासाठी वडाखाली गाडी उभी केली, तर पारावरचे सगळे बापये उठून चालते झाले. एकानं तर चप्पल मागेच टाकली. उन्हात तो त्रिकोण झळकत होता! बाया मात्र पुढे आल्या, कुजबुजत, पदर तोंडाला लावून. एकीनं सासूबाईंना विचारलं, "डाक्टरीनबाई कोन?" सात पोरांची आई असलेल्या माझ्या सासूबाई त्या त्रिकोणाखाली पाय सोडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मना काय इचारता बायांनो? ही गारी मना लय उशिरा भेटली." सगळ्या बाया हसून हसून गाडीला टेकल्या. मी आत चहा करत होते. उभी राहून. माझ्या ब्लाऊजच्या पाठीला त्या दिवशी चुणी नव्हती; हे मला यांनी सांगितलं, आणि यांच्या डोळ्यांवर मी एवढ्यापुरता विश्वास ठेवते.

पुढे पोरांच्या परीक्षा आल्या, गाडीचं खोकणं वाढलं, आणि गाडी विकायची वेळ आली. तात्या म्हणाले, "गारी विका. टप मना ठेवा." खळ्याच्या कडेला सागाचे चार खांब रोवून त्यांनी तो वर चढवला. सिंधी काकांचं म्हणणं असं खरं झालं. तात्यांच्या म्हातारपणच्या सगळ्या दुपारी त्या टपाखाली गेल्या. बाज टाकलेली असायची, पण ते बहुधा उभेच असायचे, एका हातानं खांब धरून, शेताकडे बघत.

तो टप अजून आहे. दर पावसाळ्यानंतर त्याचा रंग धुऊन निघतो आणि आश्विनात त्रिकोण वर येतो. काल त्या वासानं मला राहवेना, म्हणून आज सकाळी नातीला घेऊन रिक्षानं चामटोलीला जाऊन आले. नात माझ्यावर गेली आहे, उंच. तीही खांदे पाडून चालते.

डॉक्टर सांगतात, हाडं झिजून माझी उंची उतरली. चांगलीच उतरली आहे. म्हणजे जुना टप न कापता, पळी न गमावता, नुसती थोडी दशकं वाट पाहिली असती, तर मी मॅटॅडोरमध्ये तशीही ताठ उभी राहिले असते! हे ऐकून नात हसली. सासूबाई असत्या तर बसून हसल्या असत्या.

गावच्या घराची चौकट आता माझ्या डोक्याच्या चांगली वर राहते. तरी आत जाताना आज मी वाकले; सवय मोडत नाही. बाहेर येताना पुन्हा वाकले. मग खळं ओलांडून टपाखाली गेले, आणि तिथं पाठ आपोआप सरळ झाली. नातीला म्हटलं, "ये. इथं डोकं लागत नाही." ती आली, घाबरत मान वर केली, आणि तिच्या डोक्यावर वीतभर जागा उरली.

माझ्या वितीनं.